हिरड्याचा दुसरा काढा

१

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या पिंजऱ्यातले आठही उंदीर मेले, आणि नेमके तेच मरायला नको होते.

मैसूरहून बेळगोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कारखान्यांच्या रांगेत एक वनौषधी संशोधन संस्था आहे. तिथे उंदरांना आधी मलेरिया देतात आणि मग तो झाल्याबद्दल त्यांच्यावर उपचार करतात. मलेरिया किडनी कशी नासवतो आणि हिरड्याचा अर्क ती कशी वाचवतो, हा तिथला सध्याचा विषय. पहिल्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर. दुसऱ्यात मलेरियाचे, औषधाविना. तिसऱ्यात मलेरियाचे, पण रोज अर्क पिणारे. चौथ्यात धडधाकट, तरी अर्क पिणारे. मे महिन्यात हा प्रयोग एकदा झाला तेव्हा तिसरा पिंजरा इतका टुणटुणीत राहिला, की संस्थेने पेढे वाटले. सप्टेंबरात खात्रीसाठी तोच प्रयोग पुन्हा केला, तर बिनऔषधाचे उंदीर रडतखडत जिवंत आणि औषधवाले गार. चौथ्या पिंजऱ्यातले धडधाकटही कोपऱ्यात मान टाकून बसलेले. म्हणजे मलेरियाकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती.

संचालक नरसिंहमूर्तींनी फोन केला तो फत्तेसिंगरावांना. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर संस्थेत एक नीतिसमिती लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो आणि शास्त्र कळत नसलं तरी समाज कळतो असा एक सभासद असतो. हे सभासद म्हणजे फत्तेसिंगराव. वय अडुसष्ट. विमा कंपनीसाठी छत्तीस वर्षं जळालेली दुकानं आणि उलटलेले ट्रक पाहण्यात गेलेली. समितीत त्यांनी तीन वर्षांत एकच प्रश्न विचारला होता: उन्हाळ्यात उंदरांना पंखा असतो का?

"सर, सोमवारी समिती बसते," नरसिंहमूर्ती कन्नडमध्ये म्हणाले. "तोवर तुमचा चौकशीचा कागद पाहिजे. सोपं आहे. सिंधूनं डोस चुकवला. एवढंच लिहायचं. तिचं कंत्राट संपवू."

"ठरलंच आहे तर चौकशी कशाला?"

"लिहायला."

फत्तेसिंगरावांनी फोन ठेवला आणि फ्रिज उघडला. इडलीच्या पिठामागे तपकिरी बाटली होती, अर्धी रिकामी. आत हिरड्याचा काढा होता. संस्थेतला. या दुसऱ्या खेपेचाच.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, अनुसूयाबाईंना, लेकीकडे मंगळूरला मलेरिया झाला. ताप गेला पण किडन्या निम्म्या घेऊन गेला. किडनीचं क्रिएटिनिन, एकच्या आसपास हवं ते, २.८ वर येऊन थबकलं होतं. डायलिसिस टळेल, नाहीतर टळणार नाही, असं डॉक्टर यशस्विनी म्हणे. आणि अनुसूयाबाई म्हणत, "मला झाडपाला नको हं. डॉक्टर देते तेवढंच." मे महिन्यातला तिसरा पिंजरा फत्तेसिंगरावांनी समितीच्या कागदावर पाहिला होता. सिंधूला गळ घालून त्यांनी बाटली मिळवली, आणि बायकोला न सांगता रोज सकाळी तिच्या कॉफीत दोन चमचे घालू लागले. कॉफी कडू असतेच. आजचा अकरावा दिवस.

आता घाबरावं, असं त्यांना वाटलं. भीती काही आली नाही. मंगळूरच्या इस्पितळापासून त्यांचं हे असंच होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण परका, तसं सगळंच. उघड्या फ्रिजची थंडी पायांवर येत राहिली, तेवढी कळली.

"रीऽ, अहो," आतून अनुसूयाबाईंची हाक आली, "कॉफी?"

"दूध फाटलं," फत्तेसिंगराव म्हणाले.

दूध फाटलेलं नव्हतं. चौकशीतलं हे पहिलं खोटं, आणि ते चौकशी अधिकाऱ्याचं होतं.

२

सिंधू उंदीरघरात चौदा वर्षं होती आणि चौदाही वर्षं कंत्राटी होती. फत्तेसिंगरावांच्यासारखीच जुन्या मैसूरकर मराठी घरातली. दादला नाही, मुलगी बारावीला.

"देवराणे, देवाशपथ सांगते काका, डोस नाही चुकला माझा," ती म्हणाली. "वजन करायचं, सुई भरायची, तोंडात सोडायची. झोपेतपण होतंय हात. आणि तुमची ती बाटली..."

"बंद केली आजपासून. उरलेला अर्क कुठाय?"

"सिंकमधी वतला. नरसिंहमूर्ती सायबांनीच सांगितलं सकाळी. इन्फेक्शन नको म्हणून."

"सगळा?"

"बाटल्या धुवूनपण ठेवल्या."

आग लागलेल्या दुकानात मालकाने रात्रीतून झाडू मारला की फत्तेसिंगरावांना पूर्वी फार बरं वाटे. काहीतरी आहे, एवढं नक्की व्हायचं. आज बरं वाटलं नाही, फक्त नोंद झाली.

खिडकीत दोरीवर पांढरी सुती फडकी वाळत होती. सुई पुसायची. काहींवर पिवळसर डाग होते, काहींवर शेवाळासारखे हिरवट.

"हे कधीचे?"

"पिवळे ते मे महिन्याचे. हिरवे आत्ताचे. तीनदा साबण लावला, जातच नाहीत. सुम्ने, उगाच त्रास."

त्यांनी एक हिरवं फडकं घडी घालून खिशात टाकलं आणि मृण्मयीला गाठलं.

मृण्मयी नाशिकची. हा प्रयोग तिचा. साडेचार वर्षांची पीएच.डी. आठ उंदरांवर येऊन आडवी झालेली. ती व्हरांड्यात एका मोठ्या फोटोखाली उभी होती. अकरा दिवसांपूर्वी संस्थेत 'परंपरा आणि विज्ञान' नावाचा सोहळा झाला, त्याचा तो फोटो. मध्ये पाहुणे, हातात पळी, पुढे भलं थोरलं तांब्याचं पातेलं. आतून बाहेरून लालभडक चकाकणारं. पातेल्यातून वाफा. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. खाली निमंत्रणपत्रिका चिकटवलेली: वेळ सकाळी अकरा.

"लोक म्हणतायत मेमधले आकडे मी बनवले," ती म्हणाली. "म्हणून आता जमले नाहीत. काका, मी आकडे नाही बनवले."

"वही दाखव."

वहीत दोन्ही काढ्यांची नोंद अक्षरशः एक होती. 'हिरड्याची साल, स्टीलच्या भांड्यात, मंद आचेवर. खोलीचं तापमान ३४.'

"मैसूरला सप्टेंबरात ३४?"

मृण्मयीनं वही मिटली. मग म्हणाली, "नोंद सारखी दिसली नाही तर परीक्षक प्रश्न विचारतात."

"म्हणजे उतरवून काढलीस."

"तापमान तेवढं. बाकी काढा मीच उकळला, स्टीलमध्येच. दहा वाजता तयार होता."

"आणि दहानंतर?"

"नंतर... सोहळा होता," ती म्हणाली, आणि तिला अचानक कुठेतरी जायचं आठवलं.

फत्तेसिंगराव फोटोखाली एकटेच राहिले. त्यांनी खिशातलं फडकं काढलं. त्यांच्या आजोबांपर्यंत घरचा धंदा रंगाऱ्याचा. लष्कर मोहल्ल्यात मागच्या अंगणात रांजण होते आणि आजोबा बसल्या बसल्या नातवाला शिकवत. हिरडा नुसता असेल तर पांढऱ्या कापडावर पिवळा चढतो. लोखंड भेटलं तर काळा. आणि शेवाळी हवा असेल तर त्यात एकच गोष्ट टाकायची.

मोरचूद. तांब्याचं विष.

३

मोरचूद संस्थेत एकाच कपाटात होतं आणि त्या कपाटाची किल्ली सुदीपकडे होती.

सुदीप मृण्मयीच्याच वयाचा. नंजनगूडहून रोज गाडीनं ये-जा करायचा. त्याचंही एक झाड होतं, त्याचेही उंदीर होते. पण मे महिन्यात हिरडा चमकला आणि सुदीपच्या झाडाचे पैसे बंद झाले. दुकान जळालं की शेजारच्या दुकानदाराला आधी भेटायचं, हा विमा कंपनीतला पहिला धडा.

बाटली अर्धा किलोची. तळाशी चमचाभर निळे खडे उरलेले.

"ही जूनमध्ये नवी आणली असं लेबलावर लिहिलंय," फत्तेसिंगराव म्हणाले. "मोरचूद गेलं कुठं?"

सुदीपचा चेहरा मोरचुदाच्या रंगाकडे झुकला. "वापरलं, सर."

"कशाला?"

"टेस्टला."

"चारशे नव्वद ग्रॅम? एवढ्यात नंजनगूडच्या देवळाच्या हत्तीची टेस्ट होईल."

सुदीपनं दाराकडे पाहिलं. "अज्जीचा पानमळा आहे, सर. विड्याच्या पानांचा. वेली कुजत होत्या. चुन्यात मोरचूद कालवून फवारतात. थोडं थोडं नेलं. साहेबांना सांगू नका, प्लीज."

"वेली वाचल्या?"

"वाचल्या."

"चला, या संस्थेच्या औषधानं काहीतरी वाचलं."

"मी उंदरांना नाही घातलं, सर. मृण्मयीवर माझा राग आहे. आहेच. पण उंदीर काय करतील?"

"सोहळ्याच्या दिवशी कुठे होतास?"

"घरी. मला बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा अर्क फ्रिजमध्ये होता."

फ्रिजला कुलूप नव्हतं. कुणीही, केव्हाही, चिमूटभर टाकू शकलं असतं. सुदीपला कारण होतं, मोरचूद होतं आणि खोटं बोलण्याची सवय होती. एवढ्यावर तर फत्तेसिंगरावांनी आयुष्यात कितीतरी दावे निकालात काढले होते.

फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक होती जी बाकी कुणालाच नव्हती. त्यांच्या घरची बाटली संस्थेच्या फ्रिजमध्ये कधी गेलीच नव्हती. सिंधूनं ती सोहळ्याच्याच दिवशी भरून दिली होती, सुदीप नंजनगूडला असताना.

म्हणजे पडताळा घरी होता. घरची बाटली पिवळी निघाली, तर विष सुदीपनं मागाहून टाकलं. आणि शेवाळी निघाली, तर सुदीप सुटला.

आणि अनुसूया अडकली.

४

घरी जाता जाता त्यांनी देवराज मार्केटातून पावशेर हिरडा घेतला. दुपारी अनुसूयाबाई झोपल्यावर स्टीलच्या टोपात उकळला. जुन्या धोतराचा तुकडा फाडून एका टोकाला ताज्या काढ्याचे थेंब टाकले, दुसऱ्या टोकाला बाटलीतल्याचे. शास्त्रज्ञ याला कंट्रोल म्हणतात. त्यांच्या घरी याला 'आधी चिंधीवर बघ' म्हणत.

तुकडा गच्चीवर वाळत घातला आणि ते शेजारी उभे राहिले. ऊन बरं होतं. पलीकडच्या गच्चीवर कुणी पापड घातले होते, त्यांना एक कावळा अर्धा तास निरखत होता. फत्तेसिंगरावही अर्धा तास निरखत होते.

एक टोक पिवळं झालं. दुसरं शेवाळी.

त्यांनी तुकड्याची घडी घातली. जिन्यात एक पायरी चुकली, कठडा धरला, उरलेल्या पायऱ्या मोजत उतरले. अठरा होत्या. या घरात ते तीस वर्षं राहत होते.

मग सिंधूला फोन केला. "बाटली कशातून भरलीस?"

"पातेल्यातनं, काका. ते तांब्याचं, फोटोतलं. का?"

"त्याला आतून कल्हई नव्हती?"

"होती की. पण सायेब म्हणाले आतनं पांढुरकं दिसतंय, फोटोत बरं दिसत नाही. आतनं पण चमकायला पाहिजे. मग मीच पॉलिशवाल्याकडं नेलं. त्यानं घासून घासून काढली सगळी. वर मी चिंच लावली."

"आणि काढा त्यात कधी ओतला?"

"अकराला. पाहुणे अकराला येणार होते ना. मृण्मयी मॅडम नको म्हणत होत्या. सायेब म्हणाले अर्ध्या तासानं काय होतंय. खाली शेगडी ठेवली होती, वाफ दिसायला पाहिजे म्हणून."

"पाहुणे आले कधी?"

"साडेचारला," सिंधू म्हणाली, आणि मग फोनवरच हळूहळू तिला कळत गेलं. "अय्यो, काका. अनुसूयाअक्का पीत होत्या ते."

तुरट काढा, उघडं तांबं, साडेपाच तास आच. आणि मग मृण्मयीनं तो आटवून अर्क केला. पाणी उडालं, तांबं राहिलं. मारेकरी कुणीच नव्हता. सगळ्यांनी फोटोसाठी थोडं थोडं केलं होतं.

शनिवारी सकाळी फत्तेसिंगराव अनुसूयाबाईंना 'ठरलेल्या तपासणी'साठी घेऊन गेले. रक्त दिलं. तिला बाहेर बसवून त्यांनी डॉक्टर यशस्विनीला सगळं सांगितलं, न थांबता, अपघाताचा अहवाल वाचावा तसं. बाटली कशी मिळाली, कशात मिसळली, किती दिवस.

यशस्विनी त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं ऐकून घेतलं.

"उंदरांना आटवलेला अर्क मिळाला, यांना पातळ काढा. तांब्यानं किती बिघडलं, आजारानं किती, मी सांगू शकणार नाही. कदाचित कधीच नाही. सोमवारी रिपोर्ट येईल." मग तिनं विचारलं, "त्यांना ठाऊक नाही?"

"नाही."

"सोमवारी दुपारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. माझी पेशंट आहे ती."

शनिवार गेला. रविवारी अनुसूयाबाईंच्या पायावर सूज दिसली. फत्तेसिंगरावांनी पायाखाली उशी ठेवली, दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पंख्याचा वेग विचारला.

५

सोमवारी समिती बसली. बिस्किटं होती. सिंधू दाराशी उभी, कारण तिचं कंत्राट राहणार की जाणार ते आज ठरणार होतं.

फत्तेसिंगरावांनी फडकी मांडली, धोतराचा तुकडा मांडला, भिंतीवरून काढून आणलेला फोटो मांडला. घड्याळ दाखवलं, पत्रिकेतली वेळ दाखवली, पातेल्याचं लालभडक पोट दाखवलं. "कल्हईचं भांडं आतून पांढरं असतं. हे बघा. सिंधूनं डोस बरोबर दिला. रोज, वजन करून, चुकीच्या गोष्टीचा."

"तांबं पवित्र आहे, सर," नरसिंहमूर्ती म्हणाले. "लोक तांब्यातलं पाणी पितात."

"पाणी तुरट नसतं. आणि पाण्याला कुणी साडेपाच तास शेगडीवर बसवून पाहुण्यांची वाट बघायला लावत नाही."

मृण्मयी खाली मान घालून म्हणाली, "मी वहीत लिहायला हवं होतं. स्टीलच लिहिलं."

"हे सगळं अंदाज आहेत," नरसिंहमूर्ती म्हणाले. "डाग म्हणजे पुरावा नव्हे. सुदीपच्या कपाटातून मोरचूद कमी झालंय असं माझ्या कानावर आलंय. त्यानं नाहीतर सिंधूनं. अर्क तर आता उरला नाही. तपासणार काय?"

सुदीपनं खुर्चीत अंग चोरलं. दाराशी सिंधूनं पदर घट्ट धरला.

फत्तेसिंगरावांनी पिशवीतून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे तपासा. सोहळ्याच्या दिवशी पातेल्यातूनच घेतलंय. सुदीप गावी होता तेव्हा. त्याचं मोरचूद कुठं गेलं ते मला ठाऊक आहे, ते इथे आलेलं नाही."

"ही तुमच्याकडे कशी?"

"चोरली."

"काका..." सिंधू पुढे आली.

"सिंधू, पाणी आण गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मीच चोरली. पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. सगळे डोळे मिटून ऐकत होते."

पशुवैद्यानं बाटली उचलून उजेडात धरली. "अर्धी रिकामी आहे."

"अर्धी माझ्या बायकोच्या पोटात आहे. तिची किडनी मलेरियानं गेलीय. कॉफीतून देत होतो. तिला न सांगता."

बिस्किटाकडे गेलेला एक हात परत गेला. या समितीत तीन वर्षं उंदरांच्या वेदनेवर, झोपेवर, पिंजऱ्याच्या लांबीरुंदीवर चर्चा झाली होती आणि प्रत्येक कागदावर खाली फत्तेसिंगरावांची सही होती.

समितीनं निर्णय घेतला. बाटली तपासणीला पाठवायची. सिंधूचं कंत्राट चालू. मृण्मयीनं प्रयोग तिसऱ्यांदा करायचा, स्टीलमध्ये, खऱ्या तापमानासह. पातेल्याला नोटीस देता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी उपसमिती. आणि समाज कळणाऱ्या सभासदाची जागा आजपासून रिकामी.

फत्तेसिंगरावांनी सही केली. पावणेबारा झाले होते.

६

इस्पितळात यशस्विनीनं कागद पुढे केला. रक्तात तांबं जास्त. क्रिएटिनिन ४.९. "डायलिसिस आजच सुरू करू या. काही आठवडे लागेल, की कायमचं, ते आत्ता सांगता येत नाही." आणि मग फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

अनुसूयाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. फत्तेसिंगराव स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सांगितलं. या वेळी अहवालासारखं जमलं नाही. मधलं आधी आलं, आधीचं राहून गेलं, 'कॉफीत' हा शब्द तीनदा आला. बाटलीसाठी सिंधूचं नाव समितीत घेतलं नव्हतं, इथे घेतलं. इथे लपवायचं नव्हतं.

अनुसूयाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी पायाची सूज बोटानं दाबून पाहिली.

"ते उंदीर मेले?"

"आठ मेले."

"आणि ज्यांना काहीच दिलं नाही ते?"

"ते आहेत अजून."

"हं." मग म्हणाल्या, "त्यांना विचारलं होतं का कुणी, घेता का म्हणून?"

"उंदरांना विचारत नाहीत."

"हौदु, खरंय," त्या म्हणाल्या. "नाहीच विचारत."

"अनु, मला वाटलं..."

"बिडी, सोडा ते. तुमाला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं बघतेय. मला काय वाटतंय ते तुमी विचारायचं होतं. स्वल्प एवढंच होतं."

नर्स आली. डायलिसिसचं संमतिपत्र, तीन पानं, वर पेन अडकवलेलं. तिनं ते सवयीनं फत्तेसिंगरावांच्या पुढे धरलं. "सर, इथे सही. हजबंड म्हणून."

त्यांचा हात सवयीनं पुढे गेला.

"इकडं द्या ते," अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा मागितला, घातला, पहिलं पान डोळ्यांपुढे धरलं. "डॉक्टरना बोलवा. मला विचारायचंय." आणि मग, नवऱ्याकडे न बघता, पण रागानंही नाही, "री, तुमी बाहेर बसा."

फत्तेसिंगराव बाहेर बाकावर जाऊन बसले. दार लोटलेलं होतं, पूर्ण लागलं नव्हतं. आतून तिचा आवाज येत होता, सावकाश, एकेक ओळ वाचल्यासारखा. सुई कुठं घालणार. किती दुखतं. रक्त बाहेर जातं ते सगळं परत येतं का. यशस्विनी उत्तरं देत होती. चार प्रश्न झाले, सात झाले. नर्स दोनदा घड्याळाकडे बघून गेली.

"मधेच थांबवायचं झालं तर?"

"थांबवता येतं."

"कुणी सांगायचं?"

"तुम्ही सांगायचं."

"यांना नाही विचारणार?"

"नाही. तुम्हालाच."

बाहेर फत्तेसिंगरावांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली; ती तळव्यांत रुतली, आणि या वेळी दुखलं.

आत कागद उलटल्याचा आवाज झाला.

"आयितु, झालं," अनुसूयाबाई म्हणाल्या. "सही कुठं करू?"